उद्या मी इथेच असेन

"वारा कुठून आहे?" मंजुळाने विचारलं.

सुधीर आठल्ये कारखान्याच्या फाटकाशी नाकावर ओला रुमाल धरून उभा होता. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. शेजारच्या कारखान्यातली कसली तरी टाकी फुटली होती, पिवळट धूर जमिनीलगत सरपटत होता आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतली माणसं वाट फुटेल तिकडे धावत होती. त्या सगळ्या लोंढ्याच्या उलट दिशेने त्याची बायको दवाखान्याची बॅग घेऊन चालत आली होती. पदर तोंडाभोवती गुंडाळलेला, चष्म्यावर धूळ.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलीस? आधी चल इथून."

"सुधीर, वारा कुठून आहे?"

त्याला सांगता येईना. तिने वर, समोरच्या धुराड्यातला धूर कुठे वळतोय ते पाहिलं. मग पळणाऱ्या माणसांकडे.

"सगळे वाऱ्याबरोबर पळतायत रे. धूर त्यांच्या पाठोपाठ जाणार. यांना आडवं वळव. टेकाडावरच्या शाळेकडे. वॉचमनची शिट्टी घे."

त्याने शिट्टी घेतली. एरवी चारचौघांत आवाज न चढवणारा हा माणूस त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हातवारे करत बोंबलत होता, "शाळेकडे, शाळेकडे." शाळेच्या व्हरांड्यात मंजुळाने दवाखाना मांडला. बाकं आडवी केली, बादल्या भरून घेतल्या, मास्तरांना आणि सातवीच्या मुलींना डोळे कसे धुवायचे ते दाखवलं. श्वास लागलेल्यांना बसवून ठेवलं, झोपू दिलं नाही. कोणाला आधी ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडायचं आणि कोण थांबू शकतं, हे ती नुसतं माणसाच्या तोंडाकडे बघून ठरवत होती. एका बड्या साहेबाने आपल्याला आधी गाडीत घालावं म्हणून आरडाओरडा केला. त्याचं मनगट क्षणभर धरून ती म्हणाली, "तुम्हाला एवढं ओरडता येतंय ना, मग तुम्ही बरे आहात." आणि पुढच्या माणसाकडे गेली.

त्या शाळेत आणलेल्यांपैकी एकही दगावला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ती मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. "भात तू लावतोस?" ती म्हणाली. "मला आता उठवत नाहीये." दिवसभरात ती एकदाही बसली नव्हती. तांदूळ धुताना त्याच्या मनात आलं, ही बाई आपल्याबरोबर याच दोन खोल्यांत राहते, दुधाचं भांडं उतू जाऊ देते, रेडिओ लावून विसरते, आणि आपल्याला ती अजून ठाऊकच नाही. ही गोष्ट सत्त्याऐंशी सालातली.

मंजुळा ही बाळकुमच्या दामाजी भोईरांची मुलगी. दामाजी ठाण्याच्या खाडीत होडी घालत, जाईबाई टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसत. कोळीवाड्यातली ही पोरगी शिकत गेली ती गेलीच. सुधीर रत्नागिरीकडचा, डोंबिवलीत वाढलेला, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरीला. काविळीने सरकारी दवाखान्यात पडला असताना चोरून वडापाव खाल्ला म्हणून एका शिकाऊ डॉक्टरणीने त्याला असं काही फैलावर घेतलं की बरा होऊनही तो आठवडाभर तब्येत दाखवायला जात राहिला. लग्नाला त्याच्या घरून विरोध झाला, तिच्या घरूनही झाला. दामाजींनी जावयाला एकच प्रश्न विचारला होता, "तिला शिकायचा हाय अजून. अरवनार नाय ना?" सुधीर म्हणाला होता, "नाही अडवणार." एवढ्यावर लग्न ठरलं.

वायूगळतीनंतर मंजुळाला स्वस्थ बसवेना. ती मेडिकल कॉलेजात शिकवायची आणि संध्याकाळी डोंबिवलीत दवाखाना चालवायची. आता रविवारी ती चाळीचाळींतून कामगारांची फुप्फुसं तपासत फिरू लागली. श्वास मोजायचं यंत्र खांद्याला लावून सुधीर मागे. कारखान्याच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आठल्ये, मिसेसना जरा समजवा." त्याने घरी येऊन निरोप पोचवला.

"मग समजव की," ती म्हणाली.

दोघंही हसली. त्याची बढती त्या वर्षी अडली ती पुढे अडलेलीच राहिली. मंजुळाचा अभ्यास मात्र छापून आला, त्यावरून कारखान्यांना नियम लागले, आणि ती आधी विभागप्रमुख, मग अधिष्ठाता झाली. आणि एके दिवशी दुपारी, सुधीर आजारपणाच्या रजेवर घरी असताना, राज्यपालांच्या कार्यालयातून फोन आला. कुलगुरू म्हणून डॉक्टर मंजुळा आठल्ये यांची नेमणूक झाली होती. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ टेबलाला हात टेकून उभा राहिला. आनंद तर होताच, पण एखाद्या उंच इमारतीखाली उभं राहून वर पाहावं आणि मान अवघडावी तसंही काहीतरी होत होतं.

बाळकुमला पेढे घेऊन गेले तेव्हा दामाजी ओटीवर जाळं दुरुस्त करत होते. होडी सुटून बरीच वर्षं झाली होती. खाडीत मासळी उरली नव्हती आणि छातीत दमही. हाताला चाळा हवा म्हणून जाळं.

"कुलगुरू म्हंजे कोन?"

"सगळ्या कॉलेजांच्या वरचा," सुधीरने सांगितलं. "परीक्षा, डिग्र्या, प्रोफेसर, सगळं तिच्या हाताखाली."

दामाजींनी पेढा अर्धा खाल्ला. मग लेकीकडे बघून म्हणाले, "आनि मंग रोगी कोन बगनार?"

मंजुळाने पुड्यातला आणखी एक पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

विद्यापीठाची इमारत ठाण्याला घोडबंदर रस्त्याच्या बाजूला होती. मोठं दालन, खाली गालिचा, भिंतीवर आधीच्या कुलगुरूंच्या तसबिरी, सगळे पुरुष. पहिल्या दिवशी तिने टेबलासमोरच्या खुर्च्या दूर होत्या त्या जवळ ओढून घेतल्या. शिपाई सखाराम गोंधळला. "माणूस लांब बसला की त्याचं दुखणं ऐकू येत नाही," ती म्हणाली. ती पेन्शन अडलेल्या प्राध्यापकाला विचारायची तेही तसंच, "केव्हापासून होतंय हे? आधी कोणाला दाखवलंत?" लोक बाहेर येऊन हसायचे, पण कामं व्हायची.

तिसऱ्या वर्षी पेपर फुटला.

फार्मसीच्या मुलांचा, औषधांच्या मात्रेचा पेपर. परीक्षेआधीच तो कळवा, डोंबिवली, कल्याणच्या झेरॉक्सच्या दुकानांतून हातोहात गेला होता. मंजुळाने परीक्षा रद्द केली आणि फेरपरीक्षा लावली. मुलं भडकली. ज्यांनी पेपर पाहिला होता ती भडकलीच, पण ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला होता ती जास्त भडकली. मोर्चे झाले, निवेदनं झाली, आणि एका सोमवारी दोनेकशे मुलांनी तिच्या दालनाला घेराव घातला.

नेमके त्याच आठवड्यात दामाजी अंथरुणाला खिळले होते. इस्पितळात जायला त्यांनी साफ नकार दिला होता, आणि मंजुळाने त्यांची छाती तपासून भावाला, धाकूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "राहू दे घरीच. आता तिकडे नेऊन काही होणार नाही." सुधीरने रजा काढली होती आणि तो बाळकुमला सासऱ्यांपाशी बसून असायचा. मंजुळा सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी येऊन बघायची. त्या सोमवारी घेरावाची बातमी बाळकुमपर्यंत पोचली होती, आणि दुपारी दामाजींचा श्वास बदलला. धाकू शेजारच्या बिल्डिंगमधून विद्यापीठात फोन लावत राहिला, पण मुलांनी तिथल्या टेलिफोनच्या तारा काढल्या होत्या.

"दाजी, तुम्ही जा," धाकू म्हणाला. "तिला घेऊनशी या."

रिक्षात बसल्यापासून सुधीरच्या मनात एकच होतं, ती येणार नाही. ती म्हणेल, इथे कोणाला सांगू नकोस. मुलांसमोर वडिलांचं कारण काढून मी निघून गेले असं व्हायला नको. तो तिला ओळखत होता. धुरात उलटी चालत आलेली बाई ती. तिच्यावर रागवायची तयारी त्याने रिक्षातच करून ठेवली.

जिन्यात, कॉरिडॉरमध्ये पोरं मांड्या घालून बसलेली. घोषणा देऊन देऊन घसे बसलेले. सखारामने वाट काढत त्याला आत नेलं. दालनात गालिचावर मुलं-मुली दाटीवाटीने बसली होती आणि मधे, टेबल सोडून, एका साध्या खुर्चीवर मंजुळा. कुलसचिव भिंतीला टेकून घाम पुसत होते. पोलिसांची गाडी खाली उभी होती, पण तिने पोलिसांना वर येऊ दिलं नव्हतं.

सुधीरने वाकून तिच्या कानात सांगितलं.

"श्वास कसाय?"

"मधेच थांबतोय. मग परत येतोय."

"नखं?"

"निळी पडलीत."

तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. कुलसचिव पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, बरंच झालं. हे निमित्त चांगलं आहे. मी पोलिसांना सांगतो, तुम्हाला मागच्या जिन्याने काढतात."

मंजुळा उभी राहिली. ती मुलांशी बोलली ते नेहमीच्या आवाजात, दवाखान्यातल्यासारखं.

"माझे वडील शेवटच्या घटका मोजतायत. इथून जवळच, बाळकुमला. मला जायचंय. तुमचं माझ्याशी बोलणं अर्धं राहिलंय. उद्या सकाळी ऑफिसच्या वेळेला मी इथेच असेन, याच खुर्चीत. तुम्ही या आणि परत घेराव घाला. मी पोलीस बोलावणार नाही."

मग मागून एक आवाज आला, "नाटक आहे सगळं. एकदा गेल्या की पुन्हा येतायत कुठल्या."

"असेल नाटक," मंजुळा म्हणाली. "उद्या मी इथे नसले तर तसं समजा आणि पेपरात छापून आणा."

मुलांचा पुढारी तानाजी म्हणून होता, कळव्याचा, दाढी वाढवलेला. तो सगळ्यांच्या पुढे बसला होता. त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग उठला आणि मागे वळून म्हणाला, "रस्ता द्या रे."

गुडघे आखडले, पिशव्या बाजूला झाल्या. गालिचावरून जिन्यापर्यंत एक अरुंद वाट पडली आणि त्या वाटेने ती चालत गेली. सुधीर मागोमाग. एवढी पोरं, पण पायऱ्यांवर दोघांच्या चपलांचा आवाज येत होता. रिक्षातला तो सगळा राग आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना. आपण पंचवीस वर्षं हिच्याबरोबर काढली आणि आपला अंदाज असा साफ चुकला. ती कारण लपवणार नव्हती, आणि त्याच्या आडही लपणार नव्हती. असा तिसरा काही मार्ग असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दामाजींनी लेकीचा आवाज ओळखला. ती त्यांच्या उशाशी बसली, मनगट हातात घेतलं.

"कामावरशी आलीस?"

"हो बाबा."

"पोरा बसलीन?" घेरावाचं धाकूने त्यांना सांगितलेलं.

"बसलीत. त्यांना सांगून आले, उद्या येते म्हणून."

दामाजी बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "मंग जा उद्या," ते म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. जाईबाई त्यांच्या पायांवरून हात फिरवत बसल्या होत्या. मंजुळाने बापाचं मनगट सोडलं नाही. बाहेर ऊन उतरलं, ओटीवर माणसं जमली. सुधीर दाराशी उभा राहून तिच्या बोटांकडे बघत होता. ती बोटं नाडीवर होती आणि अगदी हलकी होती, जणू काही ऐकत होती. मग तिने ते मनगट उचलून त्यांच्या छातीवर ठेवलं. "आई, गेले," ती म्हणाली. जाईबाईंनी मान हलवली. त्यांनाही कळलं होतं.

अंधार पडायच्या सुमारास खाडीकाठच्या स्मशानात अग्नी दिला. रात्रभर घर माणसांनी भरलेलं होतं. सकाळी ओहोटीला धाकू राख घेऊन खाडीवर निघाला तेव्हा मंजुळाही उठली. बायकांनी यायचं नसतं असं कोणीतरी म्हणालं. धाकूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाणी लांब गेलं होतं. बहीणभाऊ चिखलातून पार पाण्यापर्यंत चालत गेले आणि सुधीर बांधावर उभा राहिला.

परत आल्यावर तिने पर्स घेतली.

आत्या, मावश्या एकमेकींकडे बघू लागल्या. सुतकात, बापाची राख आत्ता कुठे खाडीत सोडली तोवर, लेक ऑफिसला निघाली. सुधीरने तिला ओटीच्या कोपऱ्यात गाठलं.

"अगं, आज नको. एक दिवस. तुला कोणी काहीही म्हणणार नाही."

"तेच ना रे. मला कोणी काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पोरांनी मात्र विश्वास ठेवला आणि ती फसली, असं होईल. पुढच्या वेळी ती कोणालाच रस्ता देणार नाहीत."

त्याने जाईबाईंकडे पाहिलं. त्या निदान थांबवतील असं त्याला वाटलं. जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी फक्त म्हटलं, "चा पिऊन जा. उपाशी जाव नको."

मंजुळा उभ्याउभ्याच चहा प्यायली आणि निघाली. सुधीर तिच्याबरोबर गेला.

जिन्यात कोणी नव्हतं. कॉरिडॉरमध्ये पंधरावीस मुलं भिंतीशी उभी होती. ती येणार नाही असं समजून बाकीची घरी राहिली होती, किंवा येईल असं समजून, लाजेने. बातमी सगळीकडे गेली होती. मंजुळा आत गेली, कालची खुर्ची कालच्या जागी ओढली आणि बसली.

"या आत. बसा."

मुलं दारातच थांबली. तानाजी पुढे आला. त्याने दाढी केली होती, त्यामुळे तो फारच लहान दिसत होता.

"मॅडम, आज नको. आम्हाला कळलं. आम्ही आज फक्त... आज राहू दे."

"मी आलेय ना तानाजी. काल तू रस्ता दिलास. बस. काल कुठपर्यंत आलो होतो आपण?"

ती मुलं बसली. मग नंदा नावाची एक मुलगी बोलू लागली. कल्याणची. तिने पेपर पाहिला नव्हता, कोणी दाखवत होतं तरी पाहिला नव्हता. "आम्ही काय केलं मॅडम? आम्हाला कशाला परत बसवता? ही शिक्षा चोरांना आहे का आम्हाला?" बोलता बोलता ती रडायला लागली आणि आपण कोणासमोर रडतोय हे लक्षात येऊन एकदम थांबली.

मंजुळाने तिला पुरतं बोलू दिलं. मग एकेकाला विचारलं. कोणाला गावी जायचं होतं, कोणाची नोकरी लागायची होती, कोणाचं केंद्र पार उल्हासनगरला आलं होतं. ती मधे बोलत नव्हती. सुधीर खिडकीशी बसून बघत होता. रविवारच्या त्या चाळींमध्ये ती कामगारांना असंच विचारायची. श्वास घ्या. सोडा. परत घ्या.

शेवटी ती म्हणाली, "परीक्षा परत होणार. ती मी मागे घेणार नाही. हा मात्रेचा पेपर आहे, नंदा. उद्या तू दुकानात उभी असशील. समोरचा माणूस विचारेल, हे औषध किती घेऊ, आणि तू सांगशील तेवढं तो घेईल. पेपर फुटला होता हे त्याला कुठून कळणार? तुझ्यावर अन्याय होतोय, हे खरं आहे. तो मला पुसता येत नाही. पण तारीख महिनाभर पुढे नेते. ज्याच्या त्याच्या कॉलेजात केंद्र देते. निकाल वेळेत लावीन."

"आणि पेपर फोडला कोणी?" तानाजीने विचारलं. "ते कधीच बाहेर येत नाही."

"आमच्याच परीक्षा विभागातल्या माणसाने. काल सकाळी मला कळलं. आज त्याला पोलिसांच्या ताब्यात देतेय. विद्यापीठाचं नाव जाईल, जाऊ दे."

कुलसचिव काहीतरी बोलायला पुढे झाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि ते मागे सरले.

मुलं उठली. नमस्कार करावा की न करावा हे कोणाला सुचेना. एकाने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि मग सगळेच एकामागून एक वाकले. ती "अरे, असं नको," म्हणत राहिली. नंदा सगळ्यात शेवटी आली. वाकली, आणि तिथेच जराशी थबकली. मग बाहेर गेली.

ती का थबकली हे सुधीरला तेव्हा दिसलं. मंजुळाच्या पायांवर घोट्यांच्या वरपर्यंत खाडीचा चिखल सुकून राखाडी झाला होता. साडीचा काठ ताठ झाला होता. चहा पिऊन निघताना पाय धुवायचे राहूनच गेले होते. दारापासून खुर्चीपर्यंत गालिचावर चिखलाच्या खपल्या पडल्या होत्या.

सखाराम फडकं आणि झाडू घेऊन आत आला. कोपऱ्यापासून सुरुवात करावी म्हणून वाकला.

"सखाराम," मंजुळा म्हणाली, "राहू दे आजचा दिवस."

सखारामने झाडू भिंतीला लावला आणि दार लोटून घेत बाहेर गेला. सुधीर उठला आणि तिच्या शेजारची खुर्ची जवळ ओढून बसला. खाली फाटकातून मुलं बाहेर पडत होती, त्यांचं हळू आवाजातलं बोलणं खिडकीतून वर येत होतं.